घाट, पाऊस आणि हायवे: रोजच्या गाडीला चांगल्या ग्रिपचे टायर निवडताना

मूळचे टायर झिजले की दुकानात पहिला प्रश्न निघतो, “आहे तोच साइज टाकायचा की एक नंबर मोठा?” सातारा जिल्ह्यात हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की गाडी पावसात कुठे चालते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. रोज यवतेश्वर घाट चढणारी-उतरणारी स्विफ्ट आणि दहिवडीहून साताऱ्याला ये-जा करणारी स्विफ्ट, दोन्हींचा साइज एक असला तरी टायर एकच असायला हवा असं नाही.

परफॉर्मन्स टायर म्हटलं की रुंद, चपटा टायर डोळ्यांपुढे येतो. रोजच्या गाडीसाठी आपल्याकडे त्याचा खरा अर्थ ओल्या रस्त्यावरचा ब्रेक हा आहे. पसरणी घाटात धुकं आणि पाऊस एकत्र असताना पुढची एसटी थांबली, तर आपली गाडी किती अंतरात उभी राहते, हे सगळ्यात आधी. मग वळणात टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, किती दबते. मग उन्हाळ्यात हायवेवर भरल्या गाडीने तास-दोन तास चालल्यावर टायर किती तापतो. रुंदी आणि दिसणं या तिन्हींच्या मागे.

ही ग्रिप फुकट मिळत नाही. मऊ रबर आणि जास्त सिलिका असलेला टायर ओल्यात चांगला धरतो, पण लवकर झिजतो. लांब आयुष्याच्या कडक टायरने पन्नास हजार किमी काढले असतील, तर चांगल्या ग्रिपचा टायर त्याच गाडीवर तीस ते चाळीस हजारांत संपू शकतो. ॲव्हरेजही थोडं उतरतं. जिचं निम्मं चालणं हायवेवर सरळ आहे आणि पावसाळ्यात जी फारशी बाहेर पडत नाही, अशा गाडीला हा खर्च करायची गरज नाही. महाबळेश्वर, कास, कोयनानगर, चिपळूणकडे नेहमी जाणाऱ्या गाडीला मात्र तो करावाच.

जुना टायर आधी वाचा

नवीन घेण्यापूर्वी जुने चारही टायर नीट बघा. नवीन टायर लवकर खाणारा दोष त्यांच्यावर आधीच लिहिलेला असतो. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड, विशेषतः आतली, संपली असेल तर टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) किंवा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाक तिरकं असणं) बिघडलाय. नक्षीवरून हाताचा पंजा आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं बोचलं, तर टो चुकलेला आहे. नक्षी जागोजागी खड्डे पडल्यासारखी वरखाली झाली असेल तर शॉकॲब्सॉर्बर थकलेत किंवा बॅलन्सिंग बरेच दिवस गेलेलं आहे. हे दुरुस्त न करता महागडा टायर चढवला, तर काही हजार किमीत त्याचीही तीच गत होते.

झीज डोळ्यांनी ठरवू नका. खोली मोजायचा साधा गेज स्वस्तात मिळतो. नवीन कारच्या टायरला साधारण ७ ते ८ मिमी खोली असते. कायद्याने कारसाठी किमान १.६ मिमी लागते आणि खोबणीच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यांची उंचीही तेवढीच असते. नक्षी त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पण मे अखेरीस ३ मिमी उरलेला टायर घाटाच्या पावसाळ्यासाठी संपलाच समजा. खोबण उथळ झाली की पाणी बाहेर फेकायला जागा राहत नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. कोरड्यात हाच टायर उत्तम वाटतो, म्हणून लोक फसतात.

खोली चांगली असली तरी वय बघावं लागतं. साइडवॉलवर बारीक भेगांची जाळी, बोटाने दाबल्यावर काचेसारखं कडक वाटणारं रबर, ही म्हातारपणाची खूण. कमी चालणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी असेच कडक होतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि नक्षी भरपूर दिसत असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नका. साइडवॉलला कुठे फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. त्याला दुरुस्ती नाही, तो त्याच दिवशी काढायचा.

आकडे काय सांगतात

उदाहरणाला १८५/६५ आर१५ ८८एच घेऊ. हा साइज स्विफ्ट, डिझायर, बलेनो, आय-ट्वेंटी यांच्या बऱ्याच व्हेरियंटना येतो. १८५ ही मिमीमधली रुंदी. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतची क्षमता. एस १८०, टी १९०, व्ही २४० आणि डब्ल्यू २७०.

तेवढ्या वेगाने आपण जाणार नाही, हे खरंच आहे. तरी कंपनीने एच दिला असेल तर टी वर उतरू नका. हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं, आणि तापलेल्या रस्त्यावर पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन पुण्याला निघालेल्या गाडीला ती सोय लागते. लोड इंडेक्स तर कधीच कमी करायचा नाही. ८८ च्या जागी ८४ म्हणजे दर टायरमागे ६० किलो कमी. इलेक्ट्रिक गाड्यांना बॅटरीच्या वजनामुळे हे दुप्पट लक्ष देऊन बघा.

आता मोठ्या साइजचा प्रश्न. बाहेरचा एकूण व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे, आणि शक्यतो दोनच्या. हिशोब सोपा आहे: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१.५ मिमी येतो. १९५/६० आर१५ चा ६१५, म्हणजे एक टक्का कमी. १९५/६५ आर१५ चा ६३४.५, दोन टक्के जास्त. २०५/६५ आर१५ चा ६४७.५, चार टक्क्यांहून जास्त. हा शेवटचा साइज “बसतो हो” म्हणून सर्रास टाकला जातो. मग स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा सव्वातीन किमी जास्त वेगात असते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाटात ओढ कमी पडते, आणि चार माणसं बसून स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो.

रिमची रुंदी बघायला बहुतेक जण विसरतात. ती रिमच्या आतल्या बाजूला किंवा आऱ्यांच्या मागे कोरलेली असते, ५जे किंवा ५½जे अशी. १८५/६५ आर१५ पाच इंची रिमवर चालतो. १९५/६० आर१५ ला किमान साडेपाच लागतात. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते, वळणात लचकते, आणि ज्या ग्रिपसाठी पैसे मोजले तीच जाते. म्हणून रिम पाच इंची असेल तर मूळ साइज ठेवा आणि पैसा टायरच्या दर्जात घाला. सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

रिमसकट बदलायचं असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी काय देते ते बघा. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ येतो, त्याचा व्यास ६२० मिमी. वरच्याचा १८५/६५ आर१५ जवळपास तेवढाच, त्यामुळे चौदावरून पंधरावर जाणं हा सुरक्षित आणि उपयोगी बदल आहे. बलेनोच्या वरच्या व्हेरियंटचा १९५/५५ आर१६ देखील ६२१ मिमी. तो वळणात जास्त ताठ राहतो, पण साइडवॉल १२० वरून १०७ मिमीवर येते. हे तेरा मिमी खड्ड्यात जाणवतात. मेढ्याहून केळघर घाटाने किंवा पाटणहून कुंभार्ली घाटाकडे पावसाळ्यात जाणाऱ्याने सोळा इंचांचा मोह टाळावा. खड्ड्याच्या धारदार कडेवर चपटा टायर रिम आणि दगड यांच्या मध्ये चिमटला जातो, आतले धागे तुटतात, दुसऱ्या दिवशी फुगा. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला साइज टाकला तर विमा क्लेमच्या वेळी वाद व्हायची शक्यताही टळते. अलॉय घेताना नटांची संख्या आणि वर्तुळ जुळवून भागत नाही. मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बरोबर बसलं पाहिजे, मोठं असेल तर रिंग लावावी लागते, नाहीतर कितीही बॅलन्सिंग केलं तरी थरथर राहते.

कोणता टायर

एकाच कंपनीचे टायर स्वभावाने वेगवेगळे असतात, म्हणून “अमुक कंपनीचाच घ्या” या सल्ल्याला अर्थ नाही. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट हा निव्वळ परफॉर्मन्सचा, प्रायमसी शांत आणि आरामाचा, एनर्जी एक्सएम२+ लांब आयुष्याचा. सिएटचा मायलेझ नावाप्रमाणे जास्त चालण्यासाठी, सिक्युराड्राइव्ह ग्रिपकडे झुकलेला. गुडइयरचा ड्युराप्लस आयुष्यासाठी, ट्रिपलमॅक्स ओल्या ब्रेकसाठी. ब्रिजस्टोनचा इकोपिया ॲव्हरेजकडे बघतो, टुरान्झा आराम आणि ग्रिपकडे. काँटिनेंटलचा यूसी६ आणि योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी रोजच्या गाडीला ओल्यात चांगली ग्रिप देणाऱ्यांपैकी. दुकानात ब्रँड सांगून थांबू नका, पॅटर्नचं, म्हणजे टायरच्या मॉडेलचं, पूर्ण नाव सांगा आणि बिलावर तेच लिहून घ्या.

पंधरा इंची साध्या गाडीला पायलट स्पोर्टच्या जातीचा टायर शोधत बसण्याची गरज नसते, आणि त्या साइजमध्ये तो मिळणंही अवघड. चांगला टूरिंग टायर (रोजच्या आणि लांबच्या आरामशीर चालण्याचा), ज्याचा ओल्या ग्रिपवर भर आहे, तो या गाड्यांना नेमका. परदेशी टायरवर युरोपचा स्टिकर असेल तर ढगाच्या चित्राखालचं अक्षर बघा: ए किंवा बी असेल तर ओल्यात चांगला. काही टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकते त्याचा, आकडा असतो. २०० ते ३४० म्हणजे मऊ, ४०० ते ६०० म्हणजे टिकाऊ. हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते, त्यामुळे एका कंपनीचा दुसरीशी तंतोतंत लावू नका. भारतीय टायरवर तो नसला तर त्यात काही वावगं नाही.

नक्षीचा विचारही करा. मध्ये तीन-चार रुंद सरळ खोबण्या असलेला टायर पाणी लवकर काढतो. बाणाच्या आकाराची, एकाच दिशेने फिरणारी नक्षी पाण्यात उत्तम, पण स्टेपनी एका बाजूलाच बरोबर बसते. आत-बाहेर वेगळी नक्षी असलेला टायर सगळ्यात सोयीचा. ऊस गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या काळ्या मातीवर मात्र कोणतीही नक्षी पुरी पडत नाही. ती माती खोबण्यांत भरून टायर गुळगुळीत करते, तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

आयएसआय मार्क नसलेला टायर घेऊ नका. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशाने तो सक्तीचा आहे, कारच्या टायरचं मानक आयएस १५६३३. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन असल्यामुळे काही परदेशी पॅटर्नचा जुना साठा दुकानांत फिरतो, म्हणून तारीख बघायची सवय लावा. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या मालिकेतले शेवटचे चार आकडे: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. एका बाजूला ही मालिका अपुरी असते, तर टायर उलटा करून दुसरी बाजू बघा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम, सावलीत ठेवलेला वर्षभराचाही चालेल. चारही टायरच्या तारखा जवळच्या असाव्यात. नवीन टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, बिलात तो बघून घ्या.

हायवेकडेला सेकंडहँड टायर चमकवून ठेवलेले असतात. त्यांतले काही नक्षी पुन्हा कोरलेले असतात. ओळखायचं असं: खोबणीच्या तळातले आडवे उंचवटे कापले गेलेले दिसतात, किंवा खोबणीच्या कडा कारखान्यासारख्या गोलसर न राहता सुरीने कापल्यासारख्या असतात. कारच्या टायरला कोरायला रबरच शिल्लक नसतं, आतल्या तारेपर्यंत पातं जातं. असा टायर उन्हात हायवेवर फुटतो.

दोनच घेणार असाल तर

बजेट दोन टायरचंच असेल, तर नवीन जोडी मागे लावा. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरीही. “पुढचे झिजतात, पुढेच टाका” असं बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळेल, आणि तिथेच चूक होते. पावसात पुढच्या टायरची पकड सुटली तर स्टेअरिंग हलकं होतं, गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागच्याची सुटली तर गाडीची शेपटी फिरते आणि घाटाच्या वळणात सामान्य चालकाला ती आवरत नाही. एका ॲक्सलवर दोन्ही टायर एकाच पॅटर्नचे हवेत. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला चारही एकदम बदला, व्यासातला फरक गिअरच्या भागांवर ताण आणतो.

बसवताना उभं राहून बघा

आधी सस्पेन्शन तपासा: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टेअरिंगचे टाय रॉड. यात खेळ असताना केलेलं अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही. जुना टायर निघाला की रिमच्या कडेचा गंज आणि जुनं रबर तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, हळू हवा गळण्याचं ते मुख्य कारण. हबचा तोंडाचा भागही घासून घ्या. रबरी व्हॉल्व्ह नवीनच टाकायला सांगा, चार-पाच वर्षांचा व्हॉल्व्ह बुडाशी वाकवून बघितला की भेगा दिसतात. प्रेशर सेन्सर असेल तर आधी कारागिराला सांगून ठेवा, पट्टीचा पहिला घाव त्याच्यावरच पडतो.

नवीन टायरवर रंगीत ठिपके असतात. पिवळा ठिपका सगळ्यात हलक्या जागेचा, तो व्हॉल्व्हजवळ आला पाहिजे, म्हणजे वजनं कमी लागतात. लाल ठिपका असेल आणि रिमवर खुणेचा खळगा असेल, तर लाल ठिपका त्या खळग्यासमोर. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने, आणि ‘आऊटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच. बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड, बसवताना साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावलीच पाहिजे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. ४० पीएसआयपर्यंत बीड ‘टक’ करून बसली नाही, तर हवा वाढवायची नाही. हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून बसवायचं. बसल्यावर रिमलगतची बारीक गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. एका जागी ती आत गेली असेल तर बीड नीट बसलेली नाही.

नट इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत कसू देऊ नका. हाताने आळीपाळीने, समोरासमोरचे आवळून, शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर. गनने जास्त कसले तर डिस्क वाकडी होऊन ब्रेक थरथरतो, आणि रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्याने नट सुटत नाही. शंभरेक किमीनंतर नट पुन्हा तपासा.

अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद मागा. बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढचा टो एवढाच बदलता येतो. कागदावर कॅम्बर लाल दिसत असेल तर मशीनवर तो सुटणार नाही, काहीतरी वाकलेलं आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि कागद ठीक असेल, तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, बाणाची नक्षी असेल तर हे करता येत नाही. ओढ बाजू बदलते का? मग दोष टायरात आहे आणि तो वॉरंटीत मागता येतो. ८० ते १०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर मागच्यांचं.

पहिले दोन-तीनशे किमी जपून. साच्यातला गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत ग्रिप पूर्ण मिळत नाही, त्यामुळे नवीन टायर घालून त्याच दिवशी पावसात आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरू नका.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. साइडवॉलवरचा आकडा टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नाही. हवा थंड टायरमध्ये बघायची: गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन किमीच्या आत चाललेली असावी. तापमान दहा अंश सेल्सियसने बदललं की साधारण दीड पीएसआय फरक पडतो, म्हणून दुपारी तापलेल्या टायरची हवा ‘जास्त दिसते’ म्हणून काढू नका. घाटात भरल्या गाडीने जाणार असाल तर स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो, तो वापरा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा गेज लावणं त्याहून जास्त उपयोगाचं.

दर आठ ते दहा हजार किमीला टायर पुढे-मागे फिरवा. बाणाच्या नक्षीचे त्याच बाजूला पुढचे मागे, बाकीचे गाडीच्या पुस्तिकेतल्या पद्धतीने. स्टेपनी त्याच साइजची आणि त्याच पॅटर्नची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्या. वेगळ्या छोट्या साइजची असेल तर तिच्यावर लिहिलेल्या वेगाच्या पुढे, बहुतेक ८० किमी, जायचं नाही. तिची हवाही चार चाकांबरोबर तपासा. बिल, वॉरंटी कार्ड आणि चारही टायरच्या साइडवॉलवरील पूर्ण नंबरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फुगा आला किंवा टायर एका बाजूला ओढू लागला तर डीलर हीच कागदपत्रं आधी मागतो.